उजवा कौल

पर्यटकांच्या बोटी माडजुव्याजवळ आल्या की बोटवाला हमखास इंजिन हळू करतो आणि किनाऱ्याकडे हात करून सांगतो, "ह्या बेटावर फक्त एक आजी राहते. एकटी." मग सगळे मोबाईल वर करतात. त्या आजीने एकदा अशाच एका बोटीवर नारळाच्या सालीचं सोडण फेकून मारलं होतं, हे मात्र तो सांगत नाही. ती आजी म्हणजे माझी कावेरी आत्ये, आणि ती कोणाचीही आजी नाही.

मालवणच्या उत्तरेला खाडीत अशी लहान लहान बेटं आहेत, त्यांना आम्ही जुवा म्हणतो. माडजुव्यावर एके काळी पाच घरं नांदती होती. चार घरांतली माणसं मुंबईला गेली. आता ती चतुर्थीला येतात, कुलपं काढतात, गणपती बुडवतात आणि कुलपं लावून जातात. पाचवं घर आमचं, त्यात आत्ये. वय सत्तरीच्या पुढे. लग्न नाही, मूलबाळ नाही, कोंबड्या आहेत.

माझं मालवणच्या बाजारात खाजं, कोकम आणि मसाल्याचं दुकान आहे. नवरा बोटीवर असतो, वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर, म्हणून मी माहेरीच बाबांजवळ राहते. आई जाऊन बरीच वर्षं झाली. दुकानात येणारी शहरातली माणसं मला सांगतात, "तुमच्या आत्या म्हणजे प्रेरणा आहेत हो!" या प्रेरणेला चहापावडर, साखर आणि बीपीच्या गोळ्या पोचवायला मी दर रविवारी जात असे. प्रेरणा मला दारातच विचारायची, "कित्याक इलंस? माका जरा पडाचा होता." गोळ्या ती कोंबड्यांच्या खुराड्यावर ठेवायची. घेत होती की नाही ते कोंबड्यांनाच ठाऊक.

ती काहीतरी मोठ्या तत्त्वासाठी तिथे राहते, असं कौतुक करणाऱ्यांना वाटतं. तसं काही नाही. तिला भूक लागेल तेव्हा जेवायचं असतं, भरदुपारी आंघोळ करायची असते, पाणी उतरलं की लुगडं खोचून चिखलात तिसऱ्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, शोधायच्या असतात, आणि हे सगळं करताना कोणी बघायला नको असतं. "माणूस बघूक लागला काय माका माझाच घर परक्याचा वाटता," असं ती म्हणते. बाजाराला यायचं तर स्वतःची लाकडी होडी वल्हवत यायची, धक्क्यावर चार जणांशी भांडायची आणि पाणी फिरायच्या आत परत जायची. नाकावर माशी बसू द्यायची नाही.

आणि तिचा एक जोडीदार होता. गावचा रवळनाथ.

आमच्याकडे मोठं काम देवाला विचारल्याशिवाय होत नाही. गुरव देवाच्या पाषाणावर उजव्या आणि डाव्या अंगाला फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालून प्रश्न मांडतो, आणि सगळे श्वास रोखून बघत बसतात. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. याला कौल म्हणतात. शिकलेली माणसं कौलाला हसतात, आणि पोरीचं लग्न ठरवायच्या आधी गुपचूप येऊन लावून जातात. मी स्वतः काय मानते ते मला नीट सांगता येणार नाही. देवळात गेले की हात जोडते, बाहेर आले की विसरते.

आत्ये विशीत असताना तिला गिरगावातलं एक स्थळ आलं होतं. बिजवर, चांगली नोकरी, पदरात दोन मुलं. आजोबांनी जवळजवळ होकार दिला होता. आत्येचं मन नव्हतं, पण तिला विचारतो कोण? आजोबांनी विचारलं ते देवाला, आणि डावी पडली. पुढच्या स्थळालाही डावी पडली. तिसऱ्या खेपेला आजोबांनीच हात टेकले. नंतर जुव्यावर विहीर कुठे खणायची यावरून वाद झाला, तेव्हा आत्येने दाखवलेल्या जागेला उजवी पडली आणि चहूकडे खारं पाणी असताना तिथे गोडं पाणी लागलं. तेव्हापासून रवळनाथ आणि कावेरी भागीदार आहेत अशी गावात थट्टा होती. लोक थट्टेने म्हणत, तिला ते खरंच वाटे. रात्री दार उघडं टाकून झोपायची. मी ओरडले की म्हणायची, "माका कोण काय करतलो? तो बसलेलो आसा मां थय."

गेल्या दसऱ्यानंतरची गोष्ट. बाजार करून परत जाताना भर खाडीत तिला चक्कर आली आणि ती होडीतच आडवी झाली. पाणी उतरत होतं. होडी जुवा सोडून मुखाकडे, उघड्या समुद्राकडे निघाली. नशिबाने पलीकडच्या वाडीतला महादू जाळी ओढत होता. त्याला वाटलं रिकामी होडी सुटून चाललीय. जवळ जाऊन बघतो तर आत आत्ये, बाजूला तिचे कांदे-बटाटे. त्याने आपल्या इंजिनाच्या होडीला बांधून तिला धक्क्यावर आणलं आणि बाबांना फोन केला.

माझे बाबा म्हणजे सत्यवान. आत्येहून चार वर्षांनी लहान. एसटीत कंडक्टर होते, पण आवाज कधी चढला नाही, प्रवासीच त्यांना दरडावायचे. त्या दिवशी मात्र ते धक्क्यावरच ओरडले, "गो, तू आता जुव्यार रवाचा नाय. माझ्यावांगडा चल."

"माका कोण उचलून नेतलो?"

"मी नेतलंय!"

आत्ये हसली. बाबांच्या पाठीत आधीच उसण भरली होती. पण पुढचे चार दिवस बाबा ऐकेनात. जेवेनात. जुव्यावर जाऊन तिच्या पडवीत बसून राहिले. शेवटी आत्येने आपला हुकमाचा पत्ता काढला.

"देवाक विचार. त्याना सांगल्यान तर मी येतंय. नायतर परत ह्यो विषय काढूचो नाय. कबूल?"

बाबा म्हणजे देवभोळेपणाचा कळस. त्यांनी लगेच मान डोलावली. आत्येच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद मला स्पष्ट दिसला. आपलाच साक्षीदार आणि आपलाच न्यायाधीश, मग भीती कसली?

सोमवारी सकाळी आम्ही तिघं देवळात बसलो. बाबली गुरवाने पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा रवळनाथा म्हाराजा, ही तुझी लेक कावेरी. आजवर तुझ्या राखणेन जुव्यार रवली. आता तिची कुडी थकली. भावाकडे मालवणाक जावन रवण्यात तिचा भला आसात, तर म्हाराजा, उजवी देवन मोकळो हो."

"होय म्हाराजा," बाबा म्हणाले. गाऱ्हाण्याला असा कोणीतरी होकार भरावा लागतो, त्याशिवाय ते देवाला पोचत नाही.

मी मनातून उजवीच मागत होते, आणि त्याची मला लाज वाटत नाही. तिचा फोन लागला नाही की दुकानात माझं लक्ष उडायचं, वारा सुटला की मी पुन्हा पुन्हा फोन लावत बसायचे. मलाही सुटका हवी होती.

फार वेळ लागला नाही. उजवी पाकळी सरकली आणि खाली पडली.

आत्ये पुढे वाकली. पडलेली पाकळी बघितली, मग तशीच चिकटून राहिलेली डावी बघितली. आपलंच माणूस समोरच्यांच्या बाजूला जाऊन बसावं, तसा तिचा चेहरा झाला होता. बाबली गुरव काहीतरी समजुतीचं बोलायला लागला. तिने त्याला हाताने थांबवलं. "बरा," एवढंच म्हणाली. त्याच संध्याकाळी कोंबड्या महादूच्या घरी गेल्या, होडी जुव्याच्या किनाऱ्यावरून इकडे आणून धक्क्याच्या वर उपडी घातली, आणि आत्ये आमच्याकडे आली.

आता खरं तेच सांगते. तिचं आमच्याकडे चांगलं झालं. कुडाळला नेऊन मोतीबिंदू काढला. गोळ्या मी समोर उभी राहून गिळायला लावत होते, त्यामुळे चक्कर थांबली. वेळेवर जेवण, दुपारी पंख्याखाली झोप, संध्याकाळी मालिका. अंगावर मांस चढलं. शेजारणी म्हणायच्या, "बघा, देवान कसा बरा केल्यान." बाबा तर नुसते फुलून गेले होते. बहीण समोर बसून जेवतेय हे बघत ते दोन घास जास्त खायचे.

पहिल्या महिन्यात ती भांडली. आमटीत कोकम कमी, पंख्याचा आवाज, शेजारच्यांचा कुत्रा. मला बरं वाटायचं, म्हटलं हीच ती. मग हळूहळू भांडण कमी झालं. वाढलं ते जेवायला लागली. टीव्ही लावला तर बघायची, बंद केला तर बंद टीव्हीकडे बघायची.

एक दिवस मी दुकानाला निघाले होते. ती दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "रश्मी, मी वायच बाजारात जाव काय गो?"

मी चप्पल घालता घालता थांबले. या बाईने जन्मात कोणाला काही विचारलं नव्हतं. जे विचारलं ते देवाला, तेही उत्तर आधी ठरवून. मी म्हटलं, "जा ना, विचारतेस कशाला?" तर ओशाळं हसली आणि म्हणाली, "तू रागावशीत म्हणान." दिवसभर मला गिऱ्हाइकांशी धड बोलता आलं नाही. माझा राग तिच्यावर होता, बाबांवर होता, माझ्यावरही होता. काय चुकलं होतं तेही सांगता येत नव्हतं, कारण चुकलं काहीच नव्हतं.

शिमगा आटोपला आणि दोन-तीन दिवसांनी सकाळी ती नऊवारी नेसून, पिशवी घेऊन पुढच्या खोलीत आली. बाबा पेपर वाचत होते.

"सत्यवाना, मी जातंय."

"खंय?"

"घराक."

बाबांना आधी मस्करी वाटली. मग ते उठून उभे राहिले. "गो, तुका येड लागला काय? देवान सांगलेला आसा."

"आसा मां. देव खोटा बोलाक नाय. डोळे बरे झाले, चक्कर येणा नाय, चार माणसा इचारतत. माझा भला हयच आसा."

"मगे?"

"माका माझा भला नको."

आत्येचा आवाज चढलेला नव्हता. भाजीवालीला आज भेंडी नको म्हणून सांगावं, तशी ती बोलली. बाबांनी पेपरची घडी केली, उघडली, परत केली. मग त्यांनी आपल्या परीने तोड काढली. बाबलीला सांगू, परत कौल लावू, गाऱ्हाणं जरा वेगळं घालू, देव दुसऱ्या खेपेला ऐकतो कधी कधी.

"आपणाक व्हया ता पडासर विचारीत रवाचा? त्येका फसवूचा नाय," आत्ये म्हणाली. "त्याना सांगल्यान ता खरा. मी ऐकणंय नाय, इतक्याच."

"आणि वायट झाला तर?"

"तर माझा होतला."

बाबांनी तोंड फिरवलं. ती रिक्षात बसली तेव्हाही ते बाहेर आले नाहीत. मी तिच्यासोबत धक्क्यावर गेले. महादू जाळं शिवत बसला होता. त्याला म्हटलं, पलीकडे सोड. तो जाग्यावरून हलला नाही. "काकी, रागावा नको," म्हणाला, "मालवणाक परत सोडूक सांगा, आताच्या आता सोडतंय. पण कौल मोडूक माझी होडी नको. माझी पण पोरांबाळा आसत." खाडीत वाहून जाताना जिला त्याने वाचवलं, तिला खाडीपलीकडे न्यायला तो भीत होता. मला त्याला शिव्या द्याव्याशा वाटल्या. आत्ये म्हणाली, "तेचा बरोबर आसा."

मग आम्ही दोघींनी तिची होडी उताणी करून पाण्यात ढकलली. पाच महिने उन्हात राहून तिचे सांधे उघडले होते. आत्ये वल्हवत होती आणि मी रंगाच्या जुन्या डब्याने पाणी उपसत होते. अर्ध्या वाटेत माझी सलवार गुडघ्यापर्यंत भिजली. मी रडत होते की घाबरले होते, मला कळत नव्हतं. आत्ये माझ्याकडे बघून खदखदा हसली. पाच महिन्यांत पहिल्यांदा. "उपस गो, हसतंस काय!" ती म्हणाली, आणि हसत होती तीच.

पुढचे दिवस सोपे नव्हते. गावातलं कोणी तिला टाकून बोललं नाही, पण जुव्याकडे कोणी फिरकेनासं झालं. माडावर चढणारा येईना. कोंबड्या महादूच्या बायकोने धक्क्यावर आणून ठेवल्या, पण तिच्याशी बोलली नाही. देवाचा शब्द मोडलेल्या बाईजवळ किती उभं राहावं, याचा प्रत्येकाने आपापला हिशेब केला होता. आत्ये स्वतः देवळात जायची थांबली. आणि मी पाहिलं, आता ती रात्री दाराला कडी घालत होती. बाबा तिचं नाव काढत नव्हते. रविवारी मी पर्यटकांच्या बोटीने जुव्यावर जाऊन परत आले की पेपरातून मान वर करायचे, मी "बरी आहे" म्हणायचे, मान खाली जायची.

मे महिन्यात बाबांच्या छातीत दुखायला लागलं. जिना चढून आले की खांब धरून उभे राहायचे. कुडाळच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हृदयाची नळी चोंदली आहे, लगेच स्टेंट घालायला हवा. बाबा शांतपणे म्हणाले, "नको." मला वाटलं दवाखान्याला घाबरले. समजावलं, भांडले, नवऱ्याला बोटीवरून फोन करायला लावला. नको म्हणजे नको. घरी आणलेल्या गोळ्यांची पाकिटं मला त्यांच्या उशाखाली सापडली, एकही गोळी न काढलेली.

कोडं सुटलं ते दुकानात. बाबली गुरव बाजाराला आला होता, बाबांची चौकशी करायला थांबला. मी सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाला, "बाय, सांगूचा काय नाय, माका कळना नाय. तुझ्या बापसान शिमग्यानंतर येवन देवाक गाऱ्हाणा घातल्यान. कावेरीन कौल मोडल्यान, तेचा जा काय आसात ता माझ्या माथ्यार घाल, तिका हात लावू नको म्हणान."

मी दुकान तसंच टाकून घरी गेले. बाबांनी नाकारलं नाही. उलट मीच लहान मूल असल्यासारखं मला समजावून सांगितलं, "मी औषधान सुटलंय तर ता तिच्याकडे जातला गो. ती एकटी आसा थय."

मला इतका राग आला की भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. एक म्हातारी आपलं भलं नको म्हणते, एक म्हातारा दुसऱ्याचं वाईट मागून घेतो, आणि मध्ये मी, मसाल्याच्या पुड्या बांधणारी. नळी चोंदते ती तेला-तुपाने, वयाने. देवाचा त्यात काय संबंध? हे मी ओरडून सांगितलं. बाबा ऐकत होते आणि मान हलवत होते. माझं बोलणं त्यांच्या गावीही नव्हतं.

त्या रात्रभर मी एकाच गोष्टीचा विचार करत होते. आत्येला हे कळलं तर ती भावासाठी परत येईल. कौल पाळला की दोष फिटला, बाबा गोळ्या घेतील. आणि मग ती मरेपर्यंत माझ्या दारात उभी राहून विचारेल, जाव काय गो? तिला नाही सांगितलं तर बाबा जातील. कोणाला वाचवायचं हे मला ठरवायचं होतं, आणि मला ते नको होतं. सकाळ झाल्यावर मी धक्क्यावर गेले, कारण मला बाप हवा होता.

आत्ये पडवीत तिसऱ्या फोडत बसली होती. मी सांगत गेले तसे तिचे हात थांबले. शेवटी तिने विळी आडवी केली, हात धुतले आणि छत्री घेतली. "चल," म्हणाली.

"आत्ये, कपडे भरते तुझे. पिशवी कुठाय?"

"पिशवी कित्याक? भरतीक परत येवचा आसा."

आमच्या घरात पाऊल टाकल्या टाकल्या ती बाबांसमोर जाऊन उभी राहिली. ते पलंगावर होते. दोन महिन्यांनी एकमेकांना बघत होते, पण ख्यालीखुशाली काही झाली नाही.

"कोणाक विचारून घेतलंस?"

"काय?"

"माझा. माझ्या माथ्यारचा. कोणाक विचारलंस?"

आत्येचा आवाज चढत गेला. "ल्हान होतंस तेव्हा माझी भाकरी चोरून खायस, ता चलला. आता माझा पाप पण खातलंस? मी काय मोडलंय ता मी मोडलंय, समजान उमजान मोडलंय. त्येचा जा होतला ता माका होवंदे. ता पण तुया घेतलंस तर माझा रवला काय?"

बाबांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "तुका काय झाला तर मी काय करू गो?" ते म्हणाले.

"रड. माणसा रडतत मां?" ती म्हणाली, आणि त्यांच्या शेजारी बसली. तिचेही डोळे भरले होते. मग तिने त्यांचा सदरा खुंटीवरून काढून हातात दिला. "ऊठ. देवळाक."

रिक्षा करून आम्ही गेलो. बाबली गुरवाला पाकळ्या लावायला तिने मनाई केली. विचारायचं काहीच नव्हतं. बाईमाणसाने स्वतः गाऱ्हाणं घालायची आमच्याकडे रीत नाही, पण बाबलीची अडवायची छाती झाली नाही. ती देवासमोर हात जोडून उभी राहिली. कौल मोडल्यापासून ती त्या गाभाऱ्यासमोर आली नव्हती.

"बा रवळनाथा, तू सांगलंस ता खरा. मी ऐकाक नाय. ह्याना काय करूक नाय, ह्यो साधो माणूस आसा. ह्याच्या माथ्यार जा ठेवलंस ता उचल आणि जेचा तेका दी. मी हय उभी आसंय."

ती थांबली. होकार भरायला कोणी पुढे येईना. माझ्या तोंडात शब्द आला होता, पण बाबली हळूच म्हणाला, "बाय, तुझो चलाचो नाय. सत्यवानान घातल्यान, सत्यवानानच सोडूक व्हया."

बाबा खांबाला धरून उभे होते. ते बहिणीकडे बघत होते, देवाकडे नाही. ओठ हलायचे आणि मिटायचे. एवढंसं म्हणायचं होतं, पण त्यांच्या लेखी ते म्हणणं म्हणजे स्वतःच्या हाताने बहिणीला खाईत ढकलणं होतं. आत्येने त्यांना घाई केली नाही. ती हात जोडून तशीच उभी राहिली, एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत. मी तिला धरायला गेले तर तिने कोपराने मला बाजूला सारलं.

"सत्यवाना," ती देवाकडेच बघत म्हणाली, "माका माझा दी रे."

बाबा "होय म्हाराजा" म्हणाले. इतक्या बारीक आवाजात, की बाबलीने पुढे होऊन कान दिला आणि मग मान डोलावली.

पुढच्याच आठवड्यात बाबांना स्टेंट घातला. सगळं नीट झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला जुव्यावर फोन लावायला सांगितलं. तिथे रेंज विहिरीच्या कठड्याजवळच येते, म्हणून ती फोन उचलेपर्यंत बराच वेळ गेला. मी स्पीकर चालू करून फोन त्यांच्या छातीवर ठेवला.

"गो, जेवलंस?"

"भूक लागली काय जेवतलंय. तू कसो आसंस?"

"बरो आसंय." मग त्यांनी विचारलं, "भ्या वाटता काय गो तुका?"

"वाटता तर. दिवस बुडालो काय वाटता. माडाची झावळ पडली तरी वाटता. आदी वाटत नाय होता, आदी देव माझो होतो."

"मगे ये गो हय. अजून काय बिघडाक नाय. ये."

पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता. ती फोन ठेवून गेली की काय असं मला वाटलं.

"नाय रे," ती म्हणाली. "वाटांदे. ता पण माझाच आसा."

बाबांनी फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. थोड्या वेळाने नर्स गोळ्या घेऊन आली. त्यांनी उठून त्या सगळ्या घेतल्या.